‘हे फक्त तुझं फीलिंग आहे’ म्हटलं की वाद संपतो का?

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या चुलत भावाचं लग्न ठरलंय. बैठकीत मुलीकडच्यांनी गाडी द्यायचं कबूल केलं, सोनं वेगळं, हॉल आणि जेवणाचा खर्चही त्यांच्याकडेच. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की हा सरळसरळ हुंडा आहे आणि हे चूक आहे. तर भाऊ म्हणाला (तो इंजिनिअर आहे, वाचतोही भरपूर) की ‘चूक’ असं जगात काही नसतंच, तुला ते आवडत नाही एवढंच, तू तुझं फीलिंग सांगतोयस आणि मी माझं, इंग्लंडच्या एका फिलॉसॉफरने हे कधीच सिद्ध करून ठेवलंय. काका म्हणाले ते लोक हौसेने देतायत, तुझ्या का पोटात दुखतंय. बाकी सगळे गप्प. मलाही पुढे काही सुचलं नाही. खरंच चूक-बरोबर म्हणजे फक्त ज्याच्या त्याच्या भावना असतात का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या भावाने नाव घेतलं नाही पण तो फिलॉसॉफर बहुतेक ए. जे. एअर. १९३६ साली त्याचं ‘लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक’ आलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, आणि त्याआधी व्हिएन्नाला जाऊन तिथल्या मोरिट्झ श्लिक वगैरे तत्त्वज्ञ मंडळींच्या चर्चांना बसून आलेला. त्या मंडळींचं म्हणणं असं होतं की एखाद्या वाक्याला अर्थ असायचा तर दोनच रस्ते, एक तर ते गणितासारखं शब्दांच्या व्याख्येवरूनच खरं असावं, नाहीतर अनुभवाने ते तपासता आलं पाहिजे. आता ‘चोरी करणं वाईट’ हे कुठल्या खणात टाकणार? व्याख्येवरून निघत नाही आणि दुर्बिणीतून दिसतही नाही. म्हणून एअर म्हणाला, ‘तू ते पैसे चोरलेस’ यात माहिती आहे, पण ‘तू ते पैसे चोरलेस हे वाईट केलंस’ यात जास्तीची माहिती काहीच नाही, तेच वाक्य धक्का बसल्याच्या आवाजात म्हटलं एवढाच फरक.

पण इथे एक गोष्ट नीट बघा, कारण तुमचा भाऊ तिथेच घसरलाय. ‘मला कारलं आवडत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते त्याच्याबद्दलचं विधान झालं, खरं असेल किंवा खोटं असेल. आणि कारल्याचा घास तोंडात गेल्यावर नुसतं ‘शी!’ म्हटलं तर ते विधानच नाही, तो उद्गार. एअरचं म्हणणं होतं की नैतिक वाक्यं या दुसऱ्या प्रकारची असतात. ‘चूक म्हणजे मला आवडत नाही’ हे मत तर त्याने त्याच पुस्तकात खोडून काढलंय! कारण एखादी गोष्ट मला आवडते, तरी ती चूक आहे, असं माणूस म्हणू शकतो आणि त्यात काही विसंगती नसते. सिगरेट ओढणारे, खोटं बोलून वेळ मारून नेणारे असं रोज म्हणतात. म्हणजे भाऊ एअरच्या आधारावर जे मांडतोय ते एअरलाही मान्य नव्हतं.

आणि ‘सिद्ध केलंय’ हे तर अजिबातच नाही. ज्या कसोटीवर हे सगळं उभं होतं, की वाक्य एक तर व्याख्येने खरं पाहिजे नाहीतर तपासता आलं पाहिजे, ती कसोटी स्वतः कुठल्या खणात बसते? दोन्हीत नाही. बरीच वर्षं लोकांनी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला, एअरनेही केला, पण जमलं नाही, आणि १९७० च्या दशकात टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्याला विचारलं की तुमच्या त्या सगळ्या विचारसरणीत मुख्य दोष काय होता, तर तो म्हणाला की जवळजवळ सगळंच चुकीचं होतं, हाच मुख्य दोष. एवढं मोकळेपणाने बोलणारा माणूस मला फार आदराचा वाटतो. नैतिकतेबद्दलचं मूळ मत मात्र त्याने थोड्याफार फरकाने शेवटपर्यंत धरलं हेही सांगायला हवं. त्या मताच्या बाजूने बोलण्यासारखं काही आहेच. एक माणूस म्हणतो हुंडा चूक आहे, पण त्याला कधी त्याचा राग येत नाही, वाईट वाटत नाही, संधी आली तर तो आरामात घेतो, तर आपण म्हणतो याला हे मनापासून पटलेलंच नाही. नुसती माहिती असती तर असं झालं नसतं, कारण पृथ्वी गोल आहे हे पटायला आत काही हलावं लागत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्येच हे पकडलं होतं, की नुसती बुद्धी माणसाला जागचं हलवत नाही. तेव्हा भावना आहे, नक्की आहे. ‘फक्त’ भावना आहे का, भांडण तेवढ्याच शब्दाचं आहे.

एअरनंतर लगेच, १९३७ मध्ये, चार्ल्स स्टीव्हन्सन या अमेरिकनाने हेच मत जरा सुधारून मांडलं आणि मला ते जास्त उपयोगी वाटतं. त्याचं म्हणणं, माणसं नैतिक वाद घालतात तेव्हा दोन वेगळी भांडणं एकात एक मिसळलेली असतात, एक वस्तुस्थितीबद्दलचं आणि एक वृत्तीबद्दलचं, आणि बऱ्याचदा पहिलं मिटलं की दुसरं आपोआप हलतं. तुमच्या ग्रुपवरचं भांडण घ्या. काका म्हणाले ‘हौसेने देतायत’. हे काय फीलिंग आहे का? ही वस्तुस्थिती आहे, आणि ती तपासता येते. गाडीचा विषय बैठकीत पहिल्यांदा कोणी काढला? मुलीच्या वडिलांनी स्वतःहून, की तुमच्याकडच्या कोणीतरी ‘आमची काही अपेक्षा नाही हो, पण मुलाला रोज ५० किलोमीटर जावं लागतं’ असं म्हटल्यावर? शेतजमीन गहाण पडली का, सोसायटीचं कर्ज काढलं का, पीएफ मोडला का? धाकट्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात गेले का? आणि मुलीला कोणी विचारलं का? याद्या करायला बसतात तेव्हा ‘हौस’ या शब्दाखाली काय काय लिहिलं जातं हे आपल्याकडे लग्न जमवलेल्या प्रत्येकाला माहितीये. हे सगळं समोर आलं आणि तरी भाऊ म्हणाला मला काही वाटत नाही, तर मग खरा वृत्तीचा प्रश्न येतो, त्याआधी नाही.

पण स्टीव्हन्सनही पुरा पडत नाही, आणि तो का पडत नाही हे पीटर गीच नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात दाखवलं. मुद्दा दिसायला बारीक आहे पण मला तरी त्याच्यावर पक्कं उत्तर अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. गीच म्हणतो, नैतिक वाक्यं ‘जर-तर’ मध्येही येतात, तेव्हा काय करणार? त्याचं उदाहरण मांजराला छळण्याचं होतं, आपण आपलंच घेऊ. ‘हुंडा मागून घेणं चूक असेल, तर आपण गप्प बसून आईवडिलांना मागायला लावणं पण चूक.’ हे वाक्य तुमचा भाऊ बिनदिक्कत मान्य करेल, ज्याला हुंड्याचं काहीच वाटत नाही तोसुद्धा करेल, कारण यात कोणी हुंड्याला ‘शी’ म्हटलेलंच नाही, ‘असेल तर’ म्हटलंय. उद्गाराला ‘जर’ लावताच येत नाही. ‘जर शी! तर’ असं काही वाक्य होतं का? पण आपण तर असा विचार रोज करतो, जर हे चूक असेल तर तेही चूक, हे चूक आहे, म्हणजे तेही चूकच, आणि हा हिशोब बरोबर निघतो. म्हणजे ‘चूक’ या शब्दात उद्गारापेक्षा जास्त काहीतरी आहे ज्याला तर्क लागू होतो. सायमन ब्लॅकबर्नसारख्या तत्त्वज्ञांनी भावनेच्याच बाजूने राहून याचं उत्तर द्यायचा फार मेहनतीने प्रयत्न केला, तो वाद अजून संपलेला नाही, पण सगळे हे मान्य करून बसलेत की नुसतं ‘ज्याचं त्याचं फीलिंग’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

फिलिपा फुट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४५ मध्ये ती ऑक्सफर्डला तत्त्वज्ञानाकडे परत आली तेव्हा नाझी छळछावण्यांचे फोटो नुकतेच बाहेर आले होते, हाडांचे सापळे, ढीग. आणि तिच्या विषयातले हुशार लोक शिकवत होते की शेवटी ‘हे वाईट आहे’ म्हणजे आपली वृत्ती. तिने पुढे मुलाखतीत सांगितलंय की तिला वाटलं हे असं असूच शकत नाही, नाझी माणसाला आपण जे म्हणतो ते ‘तुझी एक वृत्ती, माझी एक’ एवढंच असू शकत नाही. पण ती नुसती चिडून थांबली नाही, तिने युक्तिवाद शोधला, आणि १९५८ च्या एका लेखात विचारलं की एखादा माणूस म्हणाला, तासातून तीनदा हात जुळवणं हे नैतिकदृष्ट्या चांगलं काम आहे, तर आपल्याला ते कळेल तरी का? जोपर्यंत तो काही पार्श्वभूमी सांगत नाही, त्याने कोणाचं काय भलं होतं, कसली शपथ आहे, तोपर्यंत तो ‘चांगलं’ हा शब्द वापरतोय असंसुद्धा म्हणता येणार नाही. नैतिक निर्णय कशालाही चिकटत नाही, तो माणसाच्या भल्याबुऱ्याशी, इजेशी, गरजेशी बांधलेला असतो, आणि इजा काय हे माझ्या मूडवर ठरत नाही.

आता आपल्याकडचं एक उदाहरण, ज्याने माझं स्वतःचं मत पक्कं झालं. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, नवरा पस्तिशीतला. तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय १० होतं, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही, एक वर्ष सक्तमजुरीवर सुटला. मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि ते वय १० वरून १२ झालं, फक्त १२! त्यावर पुण्यात जे रण पेटलं ते आपण शाळेत ओझरतं वाचतो. टिळकांचं म्हणणं परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजातून व्हावी. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने. लोकांच्या भावना कुठल्या बाजूला होत्या? आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्याइतक्या त्या तीव्र होत्या. आता नैतिक मत म्हणजे फक्त भावना असेल तर आज आपण एवढंच म्हणू शकतो की तेव्हा लोकांना तसं वाटायचं, आता असं वाटतं, चवी बदलल्या. पण कोणीच असं म्हणत नाही. आपण म्हणतो की तेव्हा त्या पोरींवर अन्याय होत होता, तेव्हाही होत होता, कोणाला तसं वाटत नव्हतं तरीही होत होता. ‘आपलं चुकत होतं’ हे वाक्य बोलायची सोय ज्या सिद्धांतात राहत नाही तो मला पटत नाही.

मग भावाला काय बोलायचं? ग्रुपवर नका बोलू, तिथे माणसं काका बघतायत म्हणून बोलतात. त्याला एकट्याला गाठा आणि आधी हे विचारा की चूक असं काही नसतं तर मग ‘ते हौसेने देतायत म्हणून चालतं’ हे काय आहे, तोही निवाडाच आहे ना? चूक जाते तेव्हा बरोबरही जातं, फक्त समोरच्याचं तेवढं फीलिंग आणि आपलं ते व्यवहारज्ञान असं होत नाही. दुसरं, आर. एम. हेअर या इंग्लिश तत्त्वज्ञाचा प्रश्न विचारा. हेअर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी होता, तिथून सुटून आला आणि १९५२ मध्ये त्याने लिहिलं की नैतिक वाक्य हा एक प्रकारचा आदेश असतो, पण असा आदेश जो तशाच परिस्थितीतल्या प्रत्येकाला लागू व्हायला पाहिजे, आपल्यालाही. म्हणजे तुमच्या घरात लग्नाची बहीण असेल तर तिच्या वेळी समोरच्यांनी अशीच ‘अपेक्षा नाही पण’ म्हणून गाडी काढली, तर चालेल का? भाऊ ‘हो, आनंदाने देऊ’ म्हणाला तर तुमच्याकडे हुकमी पत्ता नाही, हेअरलाही ते माहीत होतं की असा हट्टी माणूस भेटू शकतो. पण बहुतेक लोक तिथे थबकतात.

कायदा सांगायची गरज पडली तर १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आहे, देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा, कमीत कमी पाच वर्षं शिक्षा, आणि न मागता दिलेल्या रीतीच्या भेटींना जी सूट आहे ती देणाऱ्याच्या ऐपतीच्या बाहेरच्या वस्तूंना नाही. पण माझी विनंती की कायद्याने सुरुवात करू नका. हा कायदा झाला तोच मुळी आधी कोणीतरी ‘हे चूक आहे’ म्हटलं म्हणून.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की नैतिक प्रश्नात बहुमत शेवटचं नसतं. मग शेवटचं काय? तुकोबा म्हणतात ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’, म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाला वाटेल तेच ना? शेवटी भावनाच झाली की.
— एक निवृत्त शिक्षिका, लातूर

उत्तर : बाई, त्याच ओळीचं पुढचं अर्धं तुम्हाला पाठ असणारच, ‘मानियेले नाही बहुमता’. नुसत्या भावनांचाच मामला असता तर बहुमत न मानण्याला काही अर्थच उरला नसता. भावना विरुद्ध भावना, आणि पलीकडे संख्या जास्त, विषय संपला. तुकोबा ज्या सुरात सर्वांच्या विरोधात उभे राहतात त्यात ‘मला वेगळं वाटतं’ एवढंच नाही, ‘तुम्ही सगळे मिळून म्हणालात म्हणून असत्याचं सत्य होत नाही’ असा दावा आहे. आणि मनाला जे वाटतं त्याच्यावर ते स्वतः किती संशय घेतात, त्याला किती धारेवर धरतात, हे गाथेत जागोजागी आहे.

याच्या जोडीला मला बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण नेहमी आठवतं. ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा आधार घेऊन ते संविधानिक नैतिकतेबद्दल, म्हणजे संविधानाच्या तत्त्वांना मान देऊन वागण्याबद्दल बोलले, आणि म्हणाले की ही काही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल ज्यांच्या लोकांनी मार खाल्ला, त्यांना समाजाच्या ‘सहज भावना’ कशा असतात हे चांगलंच माहीत होतं. मारणाऱ्यांच्या भावना खोट्या नव्हत्या हो, अगदी मनापासूनच्या होत्या, विटाळाची किळस त्यांना खरोखर यायची. म्हणूनच भावना खरी आहे एवढ्यावर निवाडा सोडता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालात हाच आधार घेतला, की बहुसंख्यांच्या नैतिक भावनेपेक्षा संविधानिक नैतिकता वर. गंमत म्हणून नाही, खरंच विचार करण्यासारखं म्हणून सांगते, इंग्लंडमध्ये असाच कायदा बदलावा म्हणून जे लोक उघडपणे झटले त्यांच्यात एअर होता, तो कायदा १९६७ मध्ये बदलला. ‘नैतिक वाक्य म्हणजे भावनेचा उद्गार’ म्हणणारा माणूससुद्धा लोकांच्या भावनेपुढे हात जोडून बसला नाही, त्याने कारणं दिली, पुरावे मांडले, लोकांना पटवलं.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची. मैत्रिणीची वही लपवली म्हणून रागावले तर म्हणते, ‘तुला आवडत नाही म्हणून चूक का? तुला तर माझे फाटके जीन्स पण आवडत नाहीत.’ काय सांगू?
— एक आई, ठाणे

उत्तर : मुलीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, तिला रागावू नका. तिला हा फरक आतून कळतो, फक्त शब्दात आलेला नाही. एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून पुढे लहान मुलांना असे प्रश्न विचारलेत, की शाळेचा युनिफॉर्मसारखा नियम बाईंनीच काढून टाकला तर तसं वागलेलं चालेल का? मुलं म्हणतात चालेल. आणि बाई म्हणाल्या की दुसऱ्याला मारलं तरी हरकत नाही, तर चालेल का? नाही, तरीही नाही, कारण त्याला लागतं. शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलंसुद्धा हा फरक करतात. म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोराला जे समजतं ते आपण मोठे झाल्यावर ‘सगळं सापेक्ष असतं’ म्हणून विसरायला बघतो.

तेव्हा जीन्सचं आधी मोकळेपणाने मान्य करा, की हो, ती माझी आवड आहे, तुला नाही पटत तर नको. मग वहीचं विचारा. मी घरी नसते, मला कधी कळलंच नसतं, तरी मैत्रीण रडली असती का? परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने तुझी लपवली असती आणि वर ‘मला तर मजा आली’ म्हणाली असती, तर तुझं भांडण मिटलं असतं का? उत्तर तिलाच देऊ द्या, घाई करू नका. आणि तिने उलटून विचारलं की मग परवा तू शेजारच्या काकूंना फोनवर ‘आम्ही बाहेर आहोत’ असं का सांगितलंस, तर त्याचंही कारण द्यावं लागेल, किंवा मग ते चुकलं असं म्हणावं लागेल, ‘मोठ्यांचं वेगळं असतं’ यावर ती गप्प बसली तरी तिला ते पटलेलं नसणार.